डोंगर पाण्यालगतच का कुरतडला जातो?

दिवाळीनंतर शेजारच्या काकू व्हिएतनामला जाऊन आल्या. नाशिकमधून हल्ली तिकडे आणि थायलंडला बरेच ग्रुप जातात. परतल्यावर त्यांनी चहाला बोलावलं आणि 'हा लाँग बे' या तिथल्या खाडीचे फोटो दाखवायला घेतले. हिरवट पाण्यातून सरळ वर उठलेले, झाडीने झाकलेले एकामागून एक सुळके. फोटो सरकवता सरकवता त्या थांबल्या. "अरे, तू भूगोल शिकवतोस ना, मग मला हे सांग. प्रत्येक डोंगर पाण्याजवळ असा आत गेलेला का? कुणी कुरतडल्यासारखा?"

मी फोटो मोठा करून पाहिला. खरंच, पाण्याच्या जरा वर प्रत्येक बेटाला सगळीकडून एक आडवी खाच होती आणि वरचा डोंगर तिच्यावर छज्जासारखा पुढे आलेला होता. गवंड्याने लेव्हलची नळी धरून रेघ मारावी, इतकी ती सगळ्या बेटांवर एका पातळीत होती.

"लाटांनी झिजलंय" एवढं सांगून मोकळं होता आलं असतं. पण ते उत्तर अर्धवट आहे. काकूंचा 'कुरतडल्यासारखा' हा शब्द त्यापेक्षा कितीतरी अचूक आहे. त्यांना त्या दिवशी जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

## आपला दगड वेगळा, तो दगड वेगळा

नाशिककरांना दगड म्हटलं की काळा पाषाण आठवतो. ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेणी, गोदाघाटाच्या पायऱ्या, सगळीकडे तोच. हा बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून बाहेर पडलेला लाव्हा थंड होऊन तो तयार झाला. हा लाँगचे सुळके आगीतून आलेले नाहीत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात शंख, शिंपले, प्रवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव मेले, त्यांची कवचं तळाशी साचली, दाबली गेली आणि त्यांचा दगड झाला. हाच चुनखडक. कवचं ज्या पदार्थाची बनतात त्याला कॅल्शियम कार्बोनेट म्हणतात. पुढे मी त्याला नुसतं चुना म्हणेन.

चुनखडक आपल्या घरात नाही असं मात्र समजू नका. जुन्या वाड्यातली शहाबादी फरशी हा चुनखडकच. आमच्या आजीच्या मोरीत तिच्यावर लिंबाची फोड पडून राहिली की तिथे निस्तेज डाग उठायचा आणि तो कितीही घासला तरी जायचा नाही. डाग कसला, फरशीचा वरचा पापुद्राच लिंबाने खाल्लेला असायचा. मोरी धुवायचं ॲसिड ओतलं की फरशी फसफसते. ते बुडबुडे दगडातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे. तेच ॲसिड काळ्या पाषाणावर टाका, असं फसफसणार नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. चुनखडीच्या जमिनीतल्या मातीवर ॲसिडचे थेंब टाकले की ती अशीच उकळल्यासारखी होते.

एवढं ध्यानात ठेवा: चुनखडक टणक असतो, पण आंबटापुढे तो हार मानतो.

## सुळके समुद्राने घडवलेले नाहीत

फोटो पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा इथे गैरसमज होतो. डोंगर पाण्यात उभे आहेत म्हणून ते पाण्यानेच कोरले असणार, असं वाटतं. पण ते सुळके पावसाने घडवले, तेही जमिनीवर.

पावसाचा थेंब हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन पडतो. मातीत मुरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला आणखी घेतो. म्हणजे ते फार फार पातळ असं सोडावॉटरच. ते खडकाच्या भेगांमध्ये शिरतं, भेगा रुंदावतं, आत गुहा पाडतं. लाखो वर्षं हे चाललं की मधला खडक निघून जातो आणि सुळके तेवढे उरतात.

वीसेक हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, जगातलं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. तेव्हा हा लाँगमध्ये नाव लागली नसती, या सुळक्यांमधून माणूस चालत गेला असता. पुढे बर्फ वितळला, समुद्र चढत आला आणि साधारण आठ हजार वर्षांपूर्वी त्या खोऱ्यांत शिरला. धरण भरल्यावर काठची टेकाडं बेटांसारखी दिसू लागतात, तसंच हे. डोंगर आधीच उभे होते. समुद्र नंतर त्यांच्या पायाशी आला आणि तिथून पुढे ही खाच सुरू झाली.

## मग समुद्र दगड विरघळवतो का?

पाऊस चुना विरघळवतो तर समुद्रही विरघळवत असणार, असं वाटणं साहजिक आहे. पूर्वी बऱ्याच अभ्यासकांनाही तसंच वाटायचं. पण एक अडचण आहे.

गुलाबजामचा पाक आठवा. पाण्यात साखर विरघळते, विरघळते आणि एका टप्प्यावर थांबते. त्यानंतर टाकलेली साखर तळाशी बसते, कारण त्या पाण्यात आणखी साखरेला जागाच नसते. उष्ण प्रदेशातल्या समुद्राचं वरचं पाणी चुन्याच्या बाबतीत असंच पाकासारखं असतं. त्यात चुना आधीच भरपूर असतो, खरं तर मावायला हवा त्याहूनही जास्त. म्हणून तर शिंपल्यांना आणि प्रवाळांना त्यातून कवच बांधता येतं. असं तुडुंब पाणी दगडातला आणखी चुना कसा ओढून घेणार?

याला दोन अपवाद आहेत आणि दोन्ही मला फार विलक्षण वाटतात.

पहिला म्हणजे खडकावरची छोटी डबकी. ओहोटीत त्यात पाणी अडकतं. दिवसा त्यातलं शेवाळ सूर्यप्रकाशात कार्बन डायऑक्साइड वापरतं. रात्री प्रकाश नसतो, पण शेवाळाचा, गोगलगायींचा, किड्यांचा श्वास चालूच असतो. ओंजळभर पाणी, त्यात इतक्या जिवांचा उच्छ्वास. पहाटेपर्यंत ते पाणी किंचित आंबट होतं आणि डबक्याचा तळ खाऊ लागतं. समुद्र चुना विरघळवत नाही, पण समुद्राने मागे ठेवलेलं डबकं रात्री विरघळवू शकतं.

दुसरा अपवाद जमिनीखालून येणाऱ्या गोड्या पाण्याचा. हे पाणी चुनखडकातून झिरपत येतं, त्यामुळे तेही चुन्याने भरलेलंच असतं. पण दोन वेगळ्या धाटणीची पाणी एकत्र आली की मिश्रणाची भूक पुन्हा जागी होते. भरपेट गोडं पाणी, भरपेट खारं पाणी, आणि दोन्ही मिसळल्यावर उपाशी! मनाला पटत नाही, पण प्रयोगशाळेत ते दिसतं आणि मेक्सिकोतल्या युकातानच्या किनाऱ्याखालच्या भुयारांमध्येही दिसतं.

हे दोन्ही अपवाद मान्य केले तरी बेटाला सगळ्या बाजूंनी एकसारखी खाच का, हे कळत नाही. त्यासाठी खडकाला चिकटलेल्या जिवांकडे पाहावं लागतं.

## खरे कारागीर

पाण्याच्या रेघेजवळचा चुनखडक बारकाईने पाहिला तर तो काळपट, करडा दिसतो. तो रंग दगडाचा नसतो. तो नील-हरित शेवाळाचा असतो. भातशेतीत खत म्हणून वापरतात, त्याच्याच गोतावळ्यातलं हे. ऊन आणि खाऱ्या पाण्याचे फटकारे टाळण्यासाठी त्याच्या काही जाती दगडाच्या आतच घर करतात. उजेड पोहोचतो तितपतच, म्हणजे मिलीमीटरभर, दगड पोखरून त्या आत राहतात. वरचा थर त्यामुळे जाळीदार, ठिसूळ होतो.

मग येतात चरणारे. टोपीसारख्या एकाच कवचाचे शंख, आठ पट्ट्यांचं चिलखत घातलेले कायटन, बारीक समुद्री गोगलगायी. त्यांना शेवाळ हवं असतं आणि शेवाळ तर दगडात आहे. म्हणून ते दगडासकट खरवडतात. त्यांच्या तोंडात जिभेसारखी एक पट्टी असते आणि तिच्यावर दातांच्या ओळीच्या ओळी. विळीच्या खवणीवर नारळाची वाटी फिरवावी, तशी ती पट्टी दगडावर फिरते. कायटनच्या दातांवर मॅग्नेटाइटचं, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचं टोपण असतं. टोपी-शंखाच्या दातांतही लोहखनिजाचे बारीक तंतू असतात आणि २०१५ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी मोजून दाखवलं की सजीवांनी बनवलेल्या ज्ञात पदार्थांमध्ये ताण सोसण्यात ते अव्वल आहेत. कोळ्याच्या रेशमालाही त्यांनी मागे टाकलं. पोटात गेलेला चुना मग विष्ठेतून बारीक पिठासारखा बाहेर पडतो.

आता यातलं चक्र पाहा. शंखाने वरचा थर खरवडला की उजेड आणखी आत पोहोचतो. उजेड आत गेला की शेवाळ आणखी खोल पोखरतं. शेवाळ खोल गेलं की शंख आणखी खरवडतो. दोघांपैकी कुणीही एकटं असतं तर काम लवकरच थांबलं असतं. दोघं मिळून हजारो वर्षं थांबत नाहीत. जरा खालच्या पट्ट्यात काटेरी चेंडूसारखे समुद्री अर्चिन आपल्या दातांनी खळगे पाडतात आणि खारकेच्या आकाराचा एक शिंपला स्वतःच्या स्रावाने चुना मऊ करत दगडात भोक पाडून आयुष्यभर तिथेच राहतो.

म्हणून म्हटलं, काकूंचा शब्द अचूक आहे. डोंगर खरोखरच कुरतडला जातो.

## पण मग लाटा काहीच करत नाहीत?

करतात. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या 'ट्वेल्व्ह अपॉसल्स' नावाच्या सुळक्यांवर थेट महासागराच्या लाटा आदळतात, तिथला चुनखडक मऊ आहे आणि तिथे लाटांचं काम स्पष्ट दिसतं. त्यातला एक सुळका २००५ साली कोसळला. वाळू-गोटे उचलून मारणारी लाट पॉलिश पेपरासारखी काम करते, हेही खरं.

पण हा लाँग किंवा थायलंडची फांगङा खाडी पाहा. आत पाणी तळ्यासारखं शांत असतं. तरी खाच आहे, खोल आहे आणि बेटाच्या आडोशाच्या बाजूलाही आहे. लाटांचाच मार असता तर समुद्राकडची बाजू कापली गेली असती आणि मागची शाबूत राहिली असती. लाट मोठी असली की शिंतोडे उंच जातात, ओल वर पोहोचते आणि खाच उंच, पसरट होते. म्हणजे लाट खाचेचा आकार बदलते, पण खाच पाडायला तिची गरज लागतेच असं नाही.

आपल्या कोकणात हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली दिसतात. ती वेगळी गोष्ट आहे. तो खडक बेसॉल्ट. खारं पाणी त्याच्या छिद्रांत वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण उचकटून काढतात. समुद्र तोच, पण दगड बदलला की झीजही बदलते.

## बरोबर पाण्याच्या रेघेवरच का?

द्राक्षाच्या मांडवाचा जुना लाकडी खांब उपटून पाहिलाय? तो कुजलेला असतो तो नेमका जमिनीलगत. वरचा भाग कोरडा म्हणून टिकतो, खोल मातीतला हवा कमी म्हणून टिकतो. मधल्या वीतभर पट्ट्यात ओल आणि हवा दोन्ही मिळतात आणि कुजवणाऱ्यांचं तिथेच फावतं.

चुनखडकाचंही तसंच. भरतीच्या वर शेवाळाला पुरेसं पाणी नाही. कायम पाण्याखाली असलेल्या भागावर कालवं, प्रवाळ, चुन्याचं कवच धरणारं शेवाळ दाटीवाटीने बसतं आणि त्यांचा गिलावाच दगडाला झाकून टाकतो. भरती आणि ओहोटीमधला पट्टा मात्र रोज भिजतो, रोज वाळतो आणि सर्वांत जास्त तोच खरवडला जातो. खाचेचा सर्वांत आत गेलेला बिंदू म्हणूनच समुद्राच्या सरासरी पातळीच्या जवळपास सापडतो.

## वर्षाला एक मिलीमीटर, म्हणजे किती?

ही झीज मोजतात कशी? खडकात तीन खिळे पक्के ठोकतात, त्यांवर तीन पायांचं एक उपकरण टेकवतात आणि मधली सुई खडकाला लागेपर्यंत खाली सोडतात. वर्षाने येऊन त्याच खिळ्यांवर तेच उपकरण पुन्हा टेकवायचं. सुई जितकी जास्त खाली जाईल, तितका दगड गेला. उष्ण समुद्रांत हा आकडा बऱ्याच ठिकाणी वर्षाला एक मिलीमीटरच्या आसपास येतो, थंड किंवा आडोशाच्या जागी त्याहून कमी.

"एवढ्याने काय होतं?" असं विचारणाऱ्याने गुणाकार करून पाहावा. वर्षाला एक मिलीमीटर म्हणजे हजार वर्षांत एक मीटर. समुद्र पाच हजार वर्षं साधारण एकाच पातळीला राहिला तर खाच पाच मीटर आत जाते. सुळका लहान असेल तर ती सगळ्या बाजूंनी मध्याकडे सरकते आणि खाली बारीक, वर जाड अशी अळंबी तयार होते.

फांगङा खाडीतला को तापू हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. नावाचा अर्थच खिळा. जेम्स बाँड आयलंडसमोरचा हा सुळका सुमारे २० मीटर उंच, वर आठेक मीटर रुंद आणि पाण्यालगत जेमतेम चार मीटर. १९९८ पासून पर्यटकांच्या बोटी त्याच्याजवळ नेऊ देत नाहीत. तिथे फोटो काढताना बोट लांब का थांबवली म्हणून कुणी कुरकुर केली असेल, तर कारण हे.

कोसळणं मात्र मिलीमीटरच्या हिशेबाने होत नाही. छज्जा जितका पुढे येतो तितका त्याचा भार वाढतो. चुनखडकात उभ्या भेगा असतातच. एखाद्या दिवशी त्यातली एक उघडते आणि सगळं एकदम खाली येतं. माल्टाच्या गोझो बेटावर 'अझ्युर विंडो' नावाची चुनखडकाची भव्य कमान होती. ८ मार्च २०१७ ला सकाळी वादळात ती कोसळली आणि शेजारचा खांबही गेला. बातम्यांत वादळाला दोष मिळाला. वादळाने शेवटचा धक्का दिला, पण ती कमान पोकळ करण्याचं काम शतकानुशतकं चालू होतं.

## खाच म्हणजे समुद्राचा दुतोंड्या मारुती

गोदावरीला पूर आला की आपण आकडे विचारत नाही. "पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला?" एवढं विचारलं की सगळं कळतं. खाचही असंच मोजमाप आहे. फरक इतकाच की मारुतीच्या अंगावर पाणी किती चढलं हे त्याच वेळी पाहावं लागतं. चुनखडक मात्र समुद्र कुठे होता, हे हजारो वर्षं जपून ठेवतो.

या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. ग्रीसच्या क्रीट बेटाच्या पश्चिम टोकाला चुनखडकातली अशी जुनी खाच आज समुद्रापासून कित्येक मीटर उंचावर दिसते, काही ठिकाणी नऊ मीटरपर्यंत. समुद्र तिथपर्यंत चढला नव्हता. इसवी सन ३६५ च्या प्रचंड भूकंपात जमीनच तेवढी वर उचलली गेली. फालासार्नाचं प्राचीन बंदर तेव्हापासून कोरडं पडलं. इटलीत नेपल्सजवळ पोत्सुओलीला रोमन बाजारपेठेचे संगमरवरी खांब उभे आहेत आणि जमिनीपासून काही मीटर उंचीवर त्यांना त्या खारकेच्या आकाराच्या शिंपल्याने पाडलेली भोकं आहेत. संगमरवर म्हणजे भाजून, दाबून पुन्हा घडलेला चुनखडकच. बांधल्यानंतर ती जमीन समुद्राखाली गेली आणि परत वर आली, याचा दाखला त्या भोकांनी दिला.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर २००४ ची त्सुनामी आठवा. त्या भूकंपात अंदमानच्या वायव्य भागात जमीन मीटरभर वर उचलली गेली, प्रवाळ उघडे पडले आणि मेले. दक्षिणेला निकोबारमध्ये उलट झालं. इंदिरा पॉइंटचं दीपगृह चारेक मीटर खाली गेलं आणि त्याच्या पायाशी समुद्र आला.

थायलंडमध्ये आजच्या खाचेच्या काही मीटर वर आणखी एक जुनी खाच दिसते. तिथे भूकंपाची गरज नाही. पाच-सहा हजार वर्षांपूर्वी त्या भागात समुद्रच आजच्यापेक्षा काही मीटर वर होता.

## समुद्र वाढतोय, मग खाच खोल होईल का?

हा प्रश्न काकूंच्या नातीने विचारला आणि तो फार चांगला प्रश्न आहे. उत्तर बहुतेकांना अपेक्षित असतं त्याच्या उलट आहे.

पेन्सिलने एकाच रेघेवर पुन्हा पुन्हा गिरवलं तर कागदाला खोबण पडते. हात थोडा थोडा वर सरकत राहिला तर सगळीकडे फिकट रेघा उमटतात, खोबण पडत नाही. खोल खाच पडायला समुद्राने एकाच पातळीला हजारो वर्षं थांबावं लागतं. १९९३ पासून उपग्रहांनी केलेल्या मोजणीत समुद्राची जागतिक सरासरी पातळी वर्षाला तीन मिलीमीटरहून जास्त वाढते आहे आणि अलीकडे हा वेग चढतो आहे. दगड आडवा खरवडला जातो साधारण एक मिलीमीटर आणि पाणी चढतं त्याच्या तिप्पट. हात कागदावर स्थिर नाही. भूमध्य समुद्राच्या काही किनाऱ्यांवर आत्ताच्या खाचा पाण्याखाली बुडू लागल्या आहेत आणि नव्या पातळीला तशी खाच तयार होत नाही, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे.

"समुद्र आम्ल होतोय म्हणे, मग चुनखडक भराभर विरघळेल?" ही पुढची शंका. हवेतला वाढलेला कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषतो आणि त्याचा पीएच (हा आकडा उतरला की आम्लता वाढली असं समजायचं) औद्योगिक काळापूर्वीच्या सुमारे ८.२ वरून आता ८.१ च्या आसपास आला आहे. हा आकडा छोटा दिसतो, पण बदल मोठा आहे. तरीही उष्ण समुद्राचं वरचं पाणी अजून चुन्याच्या पाकासारखंच आहे, त्यामुळे डोंगर लगेच विरघळणार नाहीत. आधी झळ बसेल ती कवच बांधणाऱ्या जिवांना, म्हणजे प्रवाळांना, शिंपल्यांना आणि दगड खरवडणाऱ्या याच शंखांना. चिंता करायची तर त्यांची करावी.

## व्हिएतनामला न जाताही

चुनखडकाचा किनारा पाहायला परदेशात जायलाच हवं असं नाही. अंदमानात शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावर, मेलेल्या प्रवाळांच्या दगडाची नैसर्गिक कमान आहे. ओहोटीला तिच्यापर्यंत चालत जाता येतं. आणि नाशिकहून सोमनाथ-दीवची सहल तर कितीतरी जण करतात. सौराष्ट्राच्या त्या किनाऱ्यावर पिवळसर, दाणेदार चुनखडक आहे. समुद्रातल्या सूक्ष्म जिवांची कवचं वाऱ्या-लाटांनी एकत्र येऊन तो झाला. याच दगडाला पोरबंदरी म्हणतात आणि मुंबईच्या जुन्या इमारतींनाही तो लागला आहे. दीवला फुदम गावाजवळ गंगेश्वराच्या पाच पिंडींना भरतीचं पाणी रोज न्हाऊ घालतं. दर्शन झालं की बहुतेक लोक फोटो काढून वळतात.

काकू जानेवारीत तिकडेच निघाल्या आहेत. मी त्यांना ओहोटीची वेळ बघून जायला सांगितलं आहे. निसरड्या शेवाळावर पाय घसरतो, म्हणून रबरी तळाची चप्पल. मग पाण्याच्या रेघेजवळ खाली वाकून खडकावर टोपी-शंख शोधायचे. त्यांच्या काही जाती चरून झालं की दर वेळी आपल्या ठरलेल्या जागी परत येतात आणि कवचाची कड घासून घासून तिथे दगडात एक गोल चर पडलेला असतो, बरोबर त्याच्या मापाचा. शंख सापडला तर उचकटायचा नाही. चर रिकामा सापडला तर समजायचं, मालक कामावर गेला आहे.